गेंडा तिजोरीत, किल्ली मावशीकडे

मावशी नक्की कुणाची मावशी, हे कुणालाच माहीत नव्हतं. तिला ना भाचा, ना भाची. पण त्या कॅसेटच्या कंपनीत ती झाडलोट करायला लागली, त्या दिवशी साहेबांनी "मावशी, इकडे केर राहिलाय" म्हटलं, आणि तिथून जी ती मावशी झाली ती अख्ख्या रस्त्याची झाली. तोंडाने फटकळ, मनाने साधी. खोटं बोलणं तिला जमायचं नाही. ती खरं तेच बोलायची. खोटं जे काय असायचं ते ऐकणारे आपलं आपण त्यात घालून घ्यायचे. आता हे कसं, ते सांगतो.

कंपनीचा धंदा होता जुन्या कार्टूनच्या सिनेमांचा. आजोबांच्या वेळचे, घरातल्या सगळ्यांनी मिळून बघायचे सिनेमे. कंपनी ते कॅसेटवर विकायची, पण विकायची तेसुद्धा नखरा करून. एका वेळी एकच सिनेमा, तोही एकाच मोसमापुरता. जाहिरातीत लिहिलेलं असायचं: 'घाई करा! मोसम संपला की हा सिनेमा तिजोरीत जाणार. पुन्हा बाहेर कधी येईल, सांगता येत नाही!' मग काय विचारता! ज्यांच्या घरी टीव्ही नाही तेसुद्धा रांगेत. आणि सगळ्यात जास्त खपला तो गेंड्याचा सिनेमा. हा गेंडा दिसायला धिप्पाड, पण कातडी इतकी नाजूक की वाऱ्यानेसुद्धा त्याला गुदगुल्या व्हायच्या. बिचारा भांडायला उभा राहिला की हसतच सुटायचा.

तिजोरी मात्र नव्हती. ती नुसती लिहिण्यापुरती होती. जाहिरातीत 'तिजोरीत जाणार' हे 'छापणं बंद करणार' पेक्षा बरं दिसतं, एवढंच.

गेंड्याचा मोसम संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी एक टोपीवाले गृहस्थ ऑफिसात आले. एक दिवस उशीर झाला होता आणि घरी मुलांनी रडून घर डोक्यावर घेतलं होतं.

"काल कॅसेटींचे ढीग होते आणि आज म्हणता तिजोरीत? दाखवा तुमची तिजोरी!"

साहेब हे पेनाची टोपणं चावणारे, सडपातळ गृहस्थ. कुणी आवाज चढवला की त्यांचा स्वतःचा आवाज कुठे जायचा देव जाणे. त्यांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि जिन्याखालच्या खोलीकडे बोट केलं. "ती काय."

"ह्या दाराला तर कडीसुद्धा नाही!"

तेवढ्यात दार उघडलं आणि आतून मावशी बादली घेऊन बाहेर आली. ती झाडू ठेवायची खोली होती.

"नवीन दार यायचंय," साहेब म्हणाले.

एकदा बोलून बसल्यावर दार आणणं आलंच. मागच्या रस्त्याला एक जुनी बँक पाडत होते. तिच्या तिजोरीचं लोखंडी दार भंगारात निघालं होतं, ते साहेबांनी उचललं. हमालांचा जीव अर्धा झाला, जिन्याची एक पायरी फुटली, पण दार बसलं. दार असं, की तोफ लावली तरी हलायचं नाही. आणि खोलीची भिंत अशी, की कॅलेंडरचा खिळा ठोकला तर पलीकडे मुतारीत निघायचा. बडा घर, पोकळ वासा!

आता तिजोरी म्हटली की किल्ली साहेबांकडे हवी. होतीही. पण पहिल्या दिवशी सकाळी मावशी येऊन बघते तर झाडू तिजोरीत आणि साहेब अजून घरी. ऑफिस तसंच पारोसं राहिलं. दुसऱ्या दिवशी तीच कथा. शेवटी बाहेरगावच्या मोठ्या साहेबांच्या कोटाला जळमट चिकटलं, तेव्हा साहेबांनी किल्ली दोरीत ओवली आणि मावशीच्या गळ्यात घातली.

"ह्यात सिनेमे ठेवणार ना?" मावशीने विचारलं.

ठेवून बघितला होता. गेंड्याची एक कॅसेट चांगली मखमलीवर ठेवली होती. पण भिंतीपलीकडे मुतारी; ओल लागली आणि कॅसेटला बुरशी आली. म्हणून मग दुसरी कोरी कॅसेट साहेबांच्या टेबलाच्या खणात आणि झाडू तिजोरीत, अशी व्यवस्था कायम झाली.

इथवर ठीक होतं. पण शहाण्या लोकांचं डोकं रिकामं राहत नाही. रस्त्यावरून जाणाऱ्या पोरांनी बघितलं की रोज सकाळी एक बाई ते भलंमोठं दार उघडते, आत जाते आणि झाडू घेऊन बाहेर येते. शाळेत जाताना पोरं खिडकीला लटकायला लागली.

"मावशी, गेंडा आत आहे?"

"आत झाडू आहे."

"झाडू कशाला?"

"झाडूचं काय करतात? झाडायचं असतं."

पोरं विचारात पडली. मग त्यांतल्या एका दात पडलेल्या मुलीने सुतावरून स्वर्ग गाठला. "अरे, त्याला गुदगुल्या होतात ना! मावशी झाडूने गुदगुल्या करते!"

"मी कशाला करू मेली!" मावशी म्हणाली. पण ऐकतो कोण?

दुसऱ्या दिवशी प्रश्न आला, बादली कशाला? मावशी म्हणाली, पाण्याला. म्हणजे गेंड्याला पाणी मिळतं! त्यानंतर एकाने विचारलं, एवढा मोठा गेंडा त्या एवढ्याशा खोलीत मावतो कसा?

"खोली लहान आहे खरी," मावशी म्हणाली. "मलाच अंग चोरून उभं राहावं लागतं."

"बघितलंस? तोही अंग चोरूनच बसत असणार!"

आता तुम्हीच सांगा, ह्यात मावशी कुठे खोटं बोलली?

बोलली ती पुढे, आणि तेच अंगाशी आलं. एके सकाळी एक म्हातारेबुवा नातवाला खांद्यावर घेऊन आले. नातू तापातून उठला होता, नुसता काडी झाला होता. म्हातारेबुवांनी डोक्यावरची टोपी काढली. मावशीसमोर आजवर कुणी टोपी काढली नव्हती. केर काढताना लोक पायसुद्धा उचलायचे नाहीत. "मावशी," ते म्हणाले, "गेंडा बरा आहे ना?" खिडकीतली सगळी तोंडं तिच्याकडे वळली.

"बरा आहे," ती म्हणाली.

झालं! त्या दिवसापासून ती रोजची बातमीच झाली. 'गेंडा बरा आहे.' 'रात्री झोप लागली का?' 'लागली.' 'आमची आठवण काढतो का?' 'काढतो की.' साहेबांना वाटलं, ही तर फुकटची जाहिरात! त्यांनी तिजोरीशेजारी मावशीसाठी खुर्ची ठेवली, हातांची, गादीची. येणारेजाणारे तिला नमस्कार करायला लागले. कोपऱ्यावरचा चहावाला पैसे घेईनासा झाला. मावशी खुर्चीत बसून पाय हलवायला लागली. माणूसच आहे, त्यालाही मान आवडतो. आपण कशाला नाकं मुरडायची?

घरात मावशी, तिची लेक आणि नात अशा तिघीच. लेक बेकरीत कामाला. तिला उजाडायच्या आत घर सोडावं लागायचं, म्हणून नातीची वेणी घालायचं काम पहिल्यापासून आजीचं. नात एका जागी बसायची नाही, घरात तिला भिंगरीच म्हणायचे. पण वेणीपुरती ती आजीच्या दोन्ही गुडघ्यांमध्ये गप्प बसायची. तोंडाचा पट्टा मात्र चालूच. मावशीचा दिवस खरा सुरू व्हायचा तो तिथे. खुर्ची, नमस्कार, चहा हे सगळं नंतरचं.

भिंगरीने गेंडा पाहिला नव्हता. गेंडा बाजारात होता तेव्हा घरात व्हिडिओ नव्हता, आणि बेकरीच्या मालकाने आपला जुना व्हिडिओ देऊन टाकला तोवर गेंडा आत गेला होता. तुम्ही म्हणाल, कुणाकडून मागून आणायची कॅसेट. घ्या! तिच्या मैत्रिणीच्या घरी होती की. कपाटावर, प्लास्टिकच्या वेष्टणात. मैत्रिणीचे बाबा दर रविवारी तिच्यावरची धूळ पुसायचे आणि पुन्हा ठेवायचे. लावायची नाही, कारण झिजेल. झिजली तर पुन्हा मिळायची नाही. सगळीकडे हीच तऱ्हा. ज्यांनी घेतला नाही त्यांना गेंडा बघायला मिळत नव्हता आणि ज्यांनी घेतला ते बघत नव्हते. गेंड्यावाचून सगळ्या शहराचा जीव जात होता आणि तो बघितलेला माणूस औषधालाही सापडला नसता.

सुरुवातीला शाळेत भिंगरीचा थाट होता. जिची आजी गेंडा सांभाळते तिला झोपाळ्यावर पहिला नंबर. मग एक दिवस त्या दात पडलेल्या मुलीने विचारलं, "पण गेंड्याने असं केलं काय, म्हणून तुझ्या आजीने त्याला कोंडलंय?"

भिंगरी घरी आली ती तोंड पाडून.

"आजी, तू त्याला सोडत का नाहीस?"

"कंपनीचा नियम आहे बाळा."

"पण किल्ली तर तुझ्या गळ्यात आहे."

मावशीने किल्लीला हात लावला. नाही कशी म्हणणार?

"म्हणजे तूच कोंडलंयस," भिंगरी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी फणी घेऊन बसली आणि गुडघ्यांमधली जागा रिकामीच राहिली. भिंगरी दाराशी उभी, दप्तर पाठीला, केस मोकळे. "त्या हातांनी नको," ती म्हणाली आणि गेली.

मावशीला आधी राग आला. कारटी मेली, एवढंसं तोंड आणि बोलते काय! मग रागाचं पाणी झालं आणि ते डोळ्यांत आलं. संध्याकाळी तिने नातीला समोर बसवलं आणि खरं काय ते सांगून टाकलं. "अगं, आत कुणी नाही. एक झाडू आहे, एक बादली आहे, एक फडकं आहे. गेंडा नाही, गेंड्याची शेपटीसुद्धा नाही."

"तूच सांगतेस ना रोज, बरा आहे म्हणून?"

"सांगते खरी..."

"झोप लागली म्हणतेस, आठवण काढतो म्हणतेस. मग तेव्हा खोटं बोलत होतीस, की आत्ता बोलतेयस?"

इकडे आड, तिकडे विहीर. सगळं आयुष्य खरं बोलण्यात गेलं, आणि खरं बोलायची खरी वेळ आली तेव्हा विश्वास ठेवायला कुणी नाही!

मग रोज तेच. भिंगरी पिंजारलेल्या डोक्याने शाळेत जायची. लेक थकून घरी आल्यावर तिला बसवायची, पण लेकीचा हात कणकेवर बसलेला. वेणी अशी घालायची की सकाळपर्यंत सुटलेली. भिंगरी आजीच्या हातचं पाणी प्यायची नाही. ताटात आजीने वाढलं तर ताट सरकवायची. आणि शेजारणी विचारायच्या, "मावशी, गेंडा बरा आहे ना?"

मावशी साहेबांकडे गेली. "साहेब, माझ्या नातीला एकदा तिजोरी दाखवते. गुपचूप, कुणाला कळायचं नाही."

साहेबांच्या तोंडातलं टोपण खाली पडलं. "मावशी! झाकली मूठ सव्वा लाखाची!"

"आणि उघडली की झाडू."

"तेच म्हणतोय मी! आत झाडू आहे हे कळलं तर उद्यापासून घाई कोण करील? कंपनी बसेल. मी घरी, तुम्ही घरी. आणि पोर ती पोर. तिच्या पोटात गोष्ट राहणार आहे का?" मग ते जरा मऊ झाले. "खुर्ची टोचत असेल तर सांगा. पाठीला उशी देतो."

उशी आली. मावशी उशीला टेकून बसली आणि तिला वाटलं, आपणच आत कोंडलेल्या आहोत आणि बाहेर गेंडा खुर्ची टाकून बसलाय.

त्याच सुमारास गाढवाच्या सिनेमाचा मोसम संपत आला. सिनेमा आत घालायचा म्हणजे आता समारंभच असायचा. ऑफिसच्या दाराला तोरण, लाल मखमलीच्या गादीवर कॅसेट, फोटोग्राफर, साहेबांचं भाषण. टोपीवाले गृहस्थ दर वेळी पहिल्या रांगेत. "ही तिजोरी माझ्यामुळे झाली बरं का," असं ते शेजारच्याला सांगायचे, आणि ते शंभर टक्के खरं होतं. मावशीने दार जेमतेम अंग आत जाईल एवढंच उघडायचं, कॅसेट घेऊन आत सरकायचं, झाडूशेजारी जरा वेळ उभं राहायचं, आणि कॅसेट पदराआड कमरेला खोचून रिकाम्या हातांनी बाहेर यायचं. टाळ्या!

ह्या वेळी शाळेतली पोरं आणली होती. साहेबांचं भाषण झालं, गाढवाची गादी मावशीच्या हातात आली, फोटोग्राफरने डोळा बारीक केला.

"एक मिनिट," तो म्हणाला. "ती विस्कटलेल्या केसांची मुलगी आहे ना, तिला जरा मागे घ्या. फोटो बिघडतोय."

शाळेच्या बाईंनी भिंगरीला दंडाला धरून मागे ओढलं. तिने दोन्ही हातांनी केस दाबून धरले.

मावशीने ते बघितलं आणि तिचं डोकं फिरलं. साहेब, कंपनी, खुर्ची, उशी, सगळं गेलं उडत!

"फोटो बिघडतोय काय रे, मुडद्या?" ती कडाडली. "नात आहे ती माझी! तिचे केस असे आहेत ते माझ्यामुळे!" तिने गाढवाची गादी साहेबांच्या हातात कोंबली, किल्ली फिरवली, दोन्ही हात दाराला लावले आणि दार सताड उघडलं. जन्मात पहिल्यांदा. ते भिंतीवर आपटलं तशी भिंतीची एक खपली खाली आली. "ये गं. बघ. सगळ्यांसमोर बघ."

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. आत पिवळा दिवा, भिंतीला टेकलेला झाडू, पालथी बादली, दोरीवर वाळत घातलेलं फडकं. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. सगळं शहर आ वासून झाडूकडे बघत होतं.

भिंगरी पुढे आली. आत गेली. झाडूच्या मागे बघितलं. बादली उचलून खाली बघितलं. फडकं बाजूला सारून बघितलं. मग वळली. तिचा खालचा ओठ थरथरत होता.

"नाहीये," ती म्हणाली. "आजी, तो नाहीये."

"नाहीच आहे गं. मी तुला तेच तर..."

"सोडलंस!" भिंगरी किंचाळली. "सोडलंस तू त्याला!"

आणि धावत येऊन तिने आजीच्या कमरेला मिठी मारली, अशी की मावशी दारावर आदळली. "आजीने गेंडा सोडला! आजीने गेंडा सोडला!" मग काय, पोरांनी एकच कल्ला केला. दप्तरं उडाली. त्या दात पडलेल्या मुलीने फोटोग्राफरला मिठी मारली. म्हातारेबुवा नातवाला खांद्यावर घेऊन नाचायला लागले.

मावशीने खरं सांगायला तोंड उघडलं. पण तिच्या हनुवटीखाली ते पिंजारलेलं डोकं होतं, किती तरी दिवसांनी होतं, आणि ते हुंदके देत होतं. मावशीने तोंड मिटलं. ती काही बोललीच नाही, तर खोटं कसं बोलली?

"म्हणजे गेंडा बाहेर आला?" टोपीवाले गृहस्थ ओरडले. "मग दुकानात येणार का?"

साहेबांनी एकदा त्या झाडूकडे बघितलं, एकदा त्या गर्दीकडे. त्यांच्या गालांवर हळूहळू रंग परतला.

"अर्थातच!" ते म्हणाले, आणि आज त्यांचा आवाज कुठेही गेला नाही. "गेंडा तिजोरीतून निसटलाय! घाई करा! पुन्हा धरला जाईपर्यंतच मिळेल!"

रांग कोपऱ्यापर्यंत गेली. त्या गोंधळात गाढवाला आत घालायचं राहूनच गेलं, म्हणून गाढवही सुटलं असं जाहीर करावं लागलं. रांगेत पहिले टोपीवाले. साहेब इतके खूश, की त्यांनी खणातली गेंड्याची कॅसेट स्वतः मावशीच्या हातात दिली आणि कानात म्हणाले, "पुढच्या मोसमाला बदकं पळवू." मावशीने गळ्यातली दोरी काढून त्यांच्या गळ्यात घातली. "तुमचं तुम्ही पळवा. माझा झाडू तेवढा उद्यापासून बाहेर ठेवा."

घरी लेकीने कॅसेट हातात घेतली, उलटसुलट करून बघितली आणि स्टुलावर चढली. "वर ठेवते हं, जपून. पुन्हा मिळायची नाही."

"दे इकडे," मावशी म्हणाली आणि तिने वेष्टण दातांनी फाडलं.

गेंडा सुरू झाला. मावशी टीव्हीसमोर खाली बसली, आणि न बोलावता भिंगरी येऊन तिच्या दोन्ही गुडघ्यांमध्ये बसली. मागे न बघता तिने हात मागे केला. हातात फणी होती.

"आजी, तो जाताना काय म्हणाला?"

मावशी केसांतली गुंतवळ सोडवत होती. गुंता भारी होता. "मी नुसतं दार उघडलं गं," ती म्हणाली. "बाकी मला काही माहीत नाही."

पडद्यावर वारा सुटला, गेंडा खिदळायला लागला आणि भिंगरी उड्या मारायला लागली. "आजी, बघ ना! बघतेयस ना?"

"बघतेय, बघतेय," मावशी म्हणाली. तिने पडद्याकडे एकदाही मान वर केली नव्हती. "हलू नकोस, भांग वाकडा जातोय."